दिवस-रात्रीचं चक्र, लिनियर गेम आणि ओपन गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला दर शनिवारी संध्याकाळी गेम बनवायला शिकणारी मुलंमुली जमतात. बहुतेक कॉलेजची, काही नोकरी करणारी, दोन-तीन आईवडीलही. पेडण्यापासून काणकोणापर्यंतून आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात आणि त्यांतले निम्मे फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतात: गेममध्ये दिवस-रात्र हवी का, आणि गेम सरळ रेषेत न्यावा की मोकळा सोडावा. तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणांत मधूनमधून 'बेटाचा गेम' येईल. आम्ही सगळे मिळून तो बनवतो आहोत. मांडवी नदीतलं एक काल्पनिक बेट, एक फेरीबोट आणि बेटावर मामाकडे आलेली एक मुलगी, एवढाच त्याचा पसारा.

१. दिवस-रात्रीचं चक्र म्हणजे नेमकं काय? आकाशाचा रंग बदलला की झालं ना?

रंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आधी लागतं ते घड्याळ: गेमच्या आत सतत पुढे सरकणारा एक आकडा. त्या आकड्यावर प्रकाश चालतो, म्हणजे सूर्याची दिशा, आकाशाचा रंग, सावल्यांची लांबी. आणि त्याच आकड्यावर गावही चालायला हवं. पोदेर सकाळी पाव घेऊन येतो, दुपारी बाजार सुस्तावतो, रात्री कुत्री भुंकतात. नुसता रंग बदलला आणि गाव तसंच उभं राहिलं, तर तो पडद्यावर टाकलेला रंगीत दिवा आहे, त्याला चक्र म्हणता येणार नाही. तुमच्या गेममध्ये सकाळी आठला आणि रात्री आठला खेळणाऱ्याला वेगळा निर्णय घ्यावा लागतो का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' आलं तर चक्राचा खटाटोप सध्या बाजूला ठेवा.

२. लिनियर आणि ओपन यांतला फरक आजीला समजेल असा सांगाल का?

आजी पेडण्याची असेल तर फारच सोपं आहे. दशावतारी नाटकात आधी गणपती येतो, मग संकासुर येतो, मग आख्यान लागतं. क्रम ठरलेला असतो, तुम्ही समोर बसता आणि एकामागून एक प्रसंग तुमच्यापुढे येतो. हा लिनियर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र कुठूनही शिरा. आधी मिरच्या घ्या, आधी चणे घ्या, की नुसतं फिरून परत या. हा ओपन. बाजारालाही रचना असतेच. माती-भांड्यांची ओळ वेगळी, फुलांची वेगळी. पण क्रम तुमचा.

या दोहोंच्या मध्ये खूप जागा आहे. 'डार्क सोल्स' (२०११) चा नकाशा एकमेकांत गुंतलेला आहे आणि वाटा खेळणारा निवडतो, तरी काही दारं ठरावीक काम झाल्याशिवाय उघडत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चांगल्या कल्पना याच मधल्या जागेतल्या असतात.

३. ओपन गेममध्ये दिवस-रात्र असते आणि लिनियरमध्ये नसते, असं समजू का?

नको. आत्ताच सांगितलेल्या 'डार्क सोल्स'मध्ये फिरायला एवढं मोकळं जग आहे, पण वेळ सरकत नाही. जिथे ऊन आहे तिथलं ऊन आपोआप मावळत नाही. उलट 'हाफ-लाइफ २' (२००४) पूर्ण लिनियर आहे, तरी तुम्ही दिवसाउजेडी सुरुवात करता, रेव्हनहोम नावाच्या गावात रात्री पोचता आणि तिथून सुटल्यावर उजाडतं. फरक असा की तिथे वेळ तुमच्या पावलांनी सरकते. तुम्ही एका खोलीत तासभर उभे राहिलात तरी सूर्य हलत नाही.

म्हणून मी मुलांना 'दिवस-रात्र आहे का' हे विचारत नाही, 'घड्याळ कोणाच्या हातात आहे' हे विचारते. लिनियर गेममध्ये ते लेखकाच्या हातात असतं. चक्र असलेल्या ओपन गेममध्ये ते जगाच्या हातात असतं आणि तुम्ही असा-नसा, ते चालतं. तिसरी शक्यता म्हणजे खेळणाऱ्याच्या हातात घड्याळाचे काटे देणं, जसं झोपून सकाळ करणं. पुढची बहुतेक उत्तरं या एका प्रश्नाभोवती फिरतात.

४. गेममधला एक दिवस खऱ्या किती मिनिटांचा ठेवावा?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. उत्तराची सुरुवात मी पंचांगापासून करते. आपल्याकडे दिवसाच्या साठ घटका मानतात; एक घटका २४ मिनिटांची. दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. आता गंमत बघा. 'जीटीए: सॅन अँड्रियास' (२००४) आणि 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) या दोन्हींत गेमचं एक मिनिट म्हणजे खरा एक सेकंद, त्यामुळे पूर्ण दिवस २४ मिनिटांत सरतो: बरोबर एक घटका. 'जीटीए ५' (२०१३) मध्ये दिवस ४८ मिनिटांचा: एक मुहूर्त. 'स्कायरिम' (२०११) मध्ये वेळ वीसपट वेगाने धावते, म्हणून ७२ मिनिटं: तीन घटका. 'माइनक्राफ्ट'चा दिवस २० मिनिटांचा, 'डोन्ट स्टार्व्ह'चा तर अवघा ८ मिनिटांचा. बनवणाऱ्यांपैकी कोणी आपलं पंचांग उघडलं नसणार. चोवीस तासांना साठने भागलं की ही संख्या येते, आणि घटकाही तशाच भागाकारातून आली आहे. पण लक्षात ठेवायला याहून चांगली मोजपट्टी मला सापडलेली नाही.

आता निवड कशी करायची? खेळणारा एका बैठकीला किती वेळ बसेल ते आधी धरा. बसमध्ये खेळायचा फोनवरचा गेम असेल तर बैठक दहा-पंधरा मिनिटांची. तिथे मुहूर्ताचा दिवस ठेवला तर बिचारा रात्र कधी पाहणारच नाही. मग चालण्याचा वेग बघा. आमच्या बेटाच्या गेममध्ये आम्ही आधी एका घटकेचा दिवस ठेवला. धक्क्यापासून देवळापर्यंत चालायला दीड मिनिट लागत होतं, म्हणजे गेममध्ये दीड तास! एवढ्याशा बेटावर ते हास्यास्पद वाटायचं. शेवटी आम्ही दिवस दोन घटकांचा केला आणि देऊळ धक्क्याजवळ आणलं. आता ती चाल २५ सेकंदांची आहे, गेममध्ये साडेबारा मिनिटं. बेटाला शोभेल एवढीच.

बोलणं चालू असताना घड्याळ थांबवा. संवाद वाचण्याचा वेग प्रत्येकाचा निराळा असतो आणि सावकाश वाचणाऱ्याची फेरीबोट त्यापायी चुकू नये.

५. सूर्य फिरवायचा कसा?

जवळपास प्रत्येक इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच दिशेने येणारा प्रकाश असतो, ज्याला डिरेक्शनल लाइट म्हणतात. तो ३६० अंशांत फिरवायचा. दिवस २४ मिनिटांचा, म्हणजे १४४० सेकंदांचा असेल तर दर सेकंदाला पाव अंश. गोडो हे इंजिन मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. सुरुवात तिथे करा.

एक खाच आहे. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, सूर्य हलवला की सावल्यांच्या कडा थरथरतात. सूर्य थोड्याथोड्या वेळाने, लहान टप्प्यांत हलवा, थरथर बरीच कमी होते. आणि सूर्य क्षितिजाखाली गेला की त्याचा प्रकाश बंद करायला विसरू नका. नाहीतर जमिनीखालून उजेड येऊन माणसांच्या हनुवट्या चमकतात.

६. ताई, सगळं केलं तरी आमच्या गेममधलं ऊन गोव्याचं वाटत नाही. काय चुकतं?

सूर्याची कमान चुकते. बहुतेक तयार नमुने उत्तरेकडच्या देशांतल्या उन्हावर बेतलेले असतात आणि मुलं ते जसेच्या तसे उचलतात. पणजी साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात, सूर्य सगळ्यात खाली असतो त्या दिवशीही, इथे भर दुपारी तो सुमारे ५१ अंश वर असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा कमी पडते. लंडनमध्ये त्याच दिवशी सूर्य १५ अंशांच्या आसपासच चढतो आणि सावली उंचीच्या साडेतीनपटीहून लांब होते. त्या लांब सावल्या फार देखण्या दिसतात, म्हणून सगळे त्या वापरतात. पण मग आपल्या माडांखाली युरोपातला हिवाळा येऊन बसतो.

गोव्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो: मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. त्या दिवशी दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. पावसाळी ढगांमुळे हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, पण मे महिन्यात अंगणात काठी रोवून बघा. आणखी एक: आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि गोवा ७४ अंशांच्या जवळ. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह सरासरी साडेबारा वाजून गेल्यावर होते. गेममध्ये बाराला सूर्य माथ्यावर दाखवलात तर चूक कुणी काढणार नाही. पण सकाळ लवकर सरल्यासारखी आणि संध्याकाळ उगीच घाईत आल्यासारखी वाटेल.

७. आणि संध्याकाळ? ती तर फारच लांबते.

कारण वर प्रश्न ६ मध्ये सांगितलं तेच. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून तिन्हीसांज चटकन सरते. सूर्य बुडाल्यापासून दिवे लावल्याशिवाय काम होणार नाही इतका अंधार पडेपर्यंत बावीस ते पंचवीस मिनिटं. लंडनला जूनमध्ये त्याला पाऊण तासाच्या आसपास लागतो. घटकेच्या दिवसात आपली कातरवेळ म्हणजे फक्त पंचवीसेक सेकंद!

इथे मी खरेपणाला थोडी मुरड घालायला सांगते. कातरवेळ दुप्पट करा. तुळशीपुढे दिवा लागतो, बगळे खारफुटीवर परततात, मुलांना घरी बोलावणाऱ्या हाका ऐकू येतात. त्या वेळेला जेवढं भावतं तेवढं इतर कुठल्या वेळेला नाही. पंचवीस सेकंदांत खेळणाऱ्याला मान वळवून बघायलाही सवड मिळत नाही. मात्र चौपट करू नका. रात्र अंगावर येते, ही इथली खूण हरवता कामा नये.

८. रात्र खरीखुरी काळी ठेवली तर काहीच दिसत नाही. मग करावं काय?

पौर्णिमेचं चांदणंही उन्हाच्या सुमारे चार लाखांव्या हिश्शाएवढंच असतं, तेव्हा खरं प्रमाण ठेवणं अशक्यच आहे. रात्र निळसर करा, रंग फिके करा, सावल्या मऊ ठेवा. मग दिव्यांना काम द्या. फेरीवरचा बल्ब, देवळातली समई, जूनच्या पहिल्या पावसात झाडभर लुकलुकणारे काजवे, हेच वाट दाखवतील. खेळणाऱ्याला अंधार वाटला पाहिजे, पण पाऊल कुठे टाकायचं तेही कळलं पाहिजे. फोन उन्हात धरून एकदा तपासा. बसच्या खिडकीशी बसलेल्याला तुमची सुंदर रात्र म्हणजे नुसता काळा आरसा दिसत असेल.

९. रात्री खेळणाऱ्याने करायचं काय? भुतं सोडावीत का?

रात्र म्हणजे धोका, ही जुनी आणि चालणारी रीत आहे. 'माइनक्राफ्ट'मध्ये अंधारात राक्षस उपजतात, म्हणून पहिल्या दिवशीच निवारा बांधावा लागतो. 'डोन्ट स्टार्व्ह'मध्ये उजेडाशिवाय उभं राहणं म्हणजेच मरण. 'डायिंग लाइट' (२०१५) ने धोक्याला आमिषाची जोड दिली: रात्री शत्रू भयंकर होतात, पण कौशल्याचे गुण जास्त मिळतात. मग घरी पळायचं की थोडं थांबायचं, हा निर्णय रोज संध्याकाळी नव्याने घ्यावा लागतो. चक्राचा याहून चांगला उपयोग मी क्वचितच पाहिला आहे. 'मेटल गिअर सॉलिड ५' (२०१५) मध्ये उलट आहे. तिथे रात्र तुमच्या बाजूची, कारण पहारेकऱ्यांना कमी दिसतं.

पण माझं मन या सगळ्याच्या थोडं पलीकडे जातं. आपल्या गावांत रात्र ही घाबरून दार लावून घेण्याची वेळ कधीच नव्हती. जत्रा रात्री भरते. दशावतारी रात्री रंगतात आणि उजाडताना संपतात. दिवाळीआधीच्या रात्री वाड्यावाड्यात नरकासुराचे पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात. म्हणजे अख्खी रात्र जागून काढायची आणि शेवटाला उजेड. हा तर तयार गेम आहे! शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे व्रत करणारे भक्त, रात्रीनंतर, पहाटेच्या सुमाराला, निखाऱ्यांवरून चालतात. रात्री माणसं एकत्र येतात, असं एक तरी गाव गेममध्ये दिसू दे. आणि भुतंच हवी असतील तर देवचार आठवा. सीमेवर रात्री दांडा घेऊन फिरणारा राखणदार, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. जुनी माणसं त्याच्याबद्दल धाकाने बोलतात, तसंच मायेनेही. आमच्या बेटावर रात्री उशीर झाला की दांड्याचा आवाज पुढे पुढे जातो आणि त्याच्या मागे चालत राहिलं की मामाचं घर येतं. मुलांना तो प्रसंग फार आवडतो, मलाही.

भर दुपारही विसरू नका. 'विचर ३' (२०१५) मध्ये मध्यान्हीला प्रकट होणारी पिशाच्चं आहेत. बारा वाजता निर्जन वाटेने जाऊ नकोस, हे आपल्याही घरोघरी सांगितलं जातं.

१०. झोपून रात्र टाळायची सोय द्यावी का?

द्यावी, पण काहीतरी मोबदला ठेवून. 'माइनक्राफ्ट'मध्ये पलंग आहे, आणि २०१८ पासून तीन दिवस झोप टाळली की आकाशातून वेगळाच शत्रू येतो, म्हणजे झोपण्यालाही कारण मिळालं. 'एल्डन रिंग' (२०२२) मध्ये विसाव्याच्या जागी बसून सकाळ, दुपार किंवा रात्र निवडता येते. काही शत्रू फक्त रात्रीच भेटतात, त्यामुळे ही निवड शिकाऱ्याची होते. रात्री तुमच्या गेममध्ये काहीच घडत नसेल तर सगळे झोपूनच जातील. मग दोष झोपेच्या बटणाला देऊ नका.

११. दुकानं दुपारी बंद ठेवली तर खेळणारे चिडतात. काढून टाकू का?

काढू नका! दुपारी जेवून दुकानाचं दार ओढून घ्यायचं आणि चारच्या सुमाराला उघडायचं, ही गोव्याची ओळख आहे. खेळणारे बंद दाराला चिडत नाहीत, नुसतं उभं राहावं लागण्याला चिडतात. 'शेनमू' (१९९९) मध्ये दुकानांच्या वेळा आणि माणसांचे दिनक्रम इतके बारकाईने केले होते की आजही अभ्यास करावा. पण अमुक वाजेपर्यंत थांबायचं असेल तर खरोखर थांबावं लागायचं, वेळ पुढे ढकलायची सोय नव्हती. ती पुढच्या भागात आली.

म्हणून दार बंद असेल तेव्हा शेजारी काहीतरी उघडं ठेवा. आमच्या गेममध्ये दुपारी दुकान बंद, पण दुकानदार मामा मागच्या पडवीत आरामखुर्चीत असतो आणि फक्त तेव्हाच जुन्या गोष्टी सांगतो. दुकान उघडलं की त्याला बोलायला फुरसत नाही.

याच जातीची दुसरी गोष्ट फेरी. ओपन नकाशात खेळणाऱ्याला कुठेतरी अडवावं लागतं, आणि बरेच जण अदृश्य भिंत घालतात किंवा रस्त्यावर दरड पाडतात. वेळ हीच भिंत करा. शेवटची फेरी गेली की रात्र पलीकडे काढायची, मग तिथे कुणाच्या घरी आसरा मिळतो ते बघायचं. नकाशा मोकळाच राहतो आणि तरी गोष्टीला दिशा मिळते.

१२. गोष्ट घाईची आहे, 'वाड्याला आग लागली आहे, धाव!' आणि खेळणारा दोन दिवस गळ टाकून बसतो. कसं जमवायचं?

ओपन गेमची ही सगळ्यात जुनी दुखरी नस. दोनच प्रामाणिक वाटा मला दिसतात. एक, घाई खरी करा. 'माजोराज मास्क' (२०००) मध्ये चंद्र तीन दिवसांत कोसळणार असतो. ते तीन दिवस खऱ्या ५४ मिनिटांचे आहेत, आणि वेळ मंद करणं किंवा पहिल्या सकाळी परतणं खेळणाऱ्याच्या हाती आहे. गावातल्या प्रत्येकाचा तीन दिवसांचा दिनक्रम ठरलेला, त्यामुळे कोण कधी कुठे रडतं हे तुम्हाला पाठ होतं. 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) तेच २२ मिनिटांत करतो: सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा सुरू. या दोन्हींत जग मोकळं आहे, पण वेळ सरळ रेषेत धावते. 'ओपन की लिनियर' या वादाला नकाशा आणि घड्याळ अशी दोन वेगळी उत्तरं देता येतात, हे मला या गेमनी शिकवलं.

दुसरी वाट: घाईचा प्रसंग लिनियर करा. आग लागली की घड्याळ गोठवा, फेरी बंद, वाटा बंद, फक्त वाडा. प्रसंग संपला की बेट पुन्हा मोकळं. 'धाव' म्हणायचं आणि कुणी न धावल्यावर काहीच होऊ द्यायचं नाही, हे मात्र करू नका. एकदा तसं झालं की खेळणारा तुमच्या पात्रांचं बोलणं मनावर घेत नाही.

१३. लिनियर गेममध्ये चक्राशिवाय वेळ सरल्याचं कसं जाणवेल?

'ब्लडबोर्न' (२०१५) बघा. तिथे संध्याकाळ, मग रात्र, मग लाल चंद्र, हे सगळं मोठे शत्रू हरवल्यावर सरकतं. तुम्ही रात्र स्वतःच्या हातांनी ओढून आणता. छोट्या गटाला हे परवडतंही: चार-पाच ठरलेल्या वेळा, प्रत्येक वेळ चित्रासारखी रंगवलेली. पुण्याच्या स्टुडिओचा 'राजी' (२०२०) लिनियरच आहे, आणि छोट्या चमूने ठरावीक वाटेवर किती देखणं काम करता येतं ते त्यात दिसतं.

१४. साध्या फोनवर चक्र चालेल का? आमचा गेम अडखळतो.

आधी बेक केलेला प्रकाश आणि चालता प्रकाश हा फरक समजून घ्या. बेक म्हणजे सावल्या आणि परावर्तित उजेड आधीच मोजून भिंतींवर चितारून ठेवणं; चालता म्हणजे खेळ चालू असताना मोजला जाणारा. फोनला बेक केलेला फार हलका पडतो आणि दिसतोही सुरेख, पण सूर्य हलला की खोटा ठरतो. म्हणूनच लिनियर गेम कमी ताकदीच्या यंत्रावर जास्त देखणे दिसू शकतात.

तडजोड अशी: पहाट, दुपार, तिन्हीसांज, रात्र असे चार संच बेक करा आणि एकातून दुसऱ्यात हळूहळू मिसळा. मेमरी जास्त लागते, तेव्हा नकाशा लहान ठेवा. सूर्याची चालती सावली फक्त माणसं आणि बोटी यांना द्या, माडांना नको. आकाशाला भारी ढग न देता रंगांची एक पट्टी द्या. एवढ्यावर आमचा गेम जुन्या फोनवरही तग धरून आहे.

१५. रात्री दहा ते सकाळी सहा फेरी बंद ठेवायची आहे, पण ती बंदच होत नाही!

तुम्ही 'तास २२ पेक्षा जास्त आणि ६ पेक्षा कमी' असं लिहिलं असणार. असा तास जगात नाही. मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळेला 'आणि'च्या जागी 'किंवा' लागतं: तास २२ किंवा त्याहून जास्त, किंवा ६ पेक्षा कमी. दर बॅचमध्ये निम्म्या मुलांचं इथेच अडतं.

त्याच्या जोडीचा दुसरा सापळा सेव्हचा. फक्त तास साठवू नका, गेम सुरू झाल्यापासूनची एकूण मिनिटं साठवा. तास, दिवस, तिथी सगळं त्या एका आकड्यातून काढता येतं. आणि झोपेने वेळ एकदम आठ तास पुढे उडते तेव्हा मधल्या घटना हरवतात. पहाटे चारला पोदेराची भट्टी पेटायची होती, ती पेटलीच नाही. उडी मारण्याआधी मधल्या सगळ्या नोंदी ओळीने तपासून चालवा.

१६. गेमचं घड्याळ खऱ्या घड्याळाला जोडलं तर?

'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' (१९९९) मध्ये कार्ट्रिजमध्येच, म्हणजे गेम असलेल्या डबीतच, बॅटरीवर चालणारं घड्याळ होतं. हूटहूट हे घुबड मुख्यतः रात्री सापडायचं. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' (२०२०) मध्ये दुकान सकाळी आठला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. सगळ्यात धाडसी 'बोक्ताई' (२००३): कार्ट्रिजवर उन्हाचा सेन्सर, पिशाच्चांशी लढायला खरोखर उन्हात जावं लागे.

फार जिव्हाळ्याची कल्पना आहे, पण रात्रपाळी करणाऱ्या माणसाला तुमचं दुकान कधीच उघडं दिसणार नाही. मोठी गोष्ट सांगायची असेल तर टाळा. रोज पाच मिनिटं भेटायचा गेम असेल तर जरूर करा.

१७. माझी मुलगी रोज म्हणते 'एवढा एक दिवस संपवते आणि बंद करते.' हा दिवस केवढा असतो?

बहुधा ती 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) खेळते. त्यात दिवस सकाळी सहाला सुरू होतो, रात्री दोनपर्यंत चालतो, आणि खऱ्या वेळेत साधारण १४ मिनिटांचा असतो. संगणकावर गेम दिवसाअखेर झोपल्यावरच सेव्ह होतो, म्हणून मध्येच बंद करायला लावलंत तर तिचा त्या दिवसाचा कष्टाचा भाग खरंच वाया जातो. तिला 'आत्ता बंद कर' म्हणण्याऐवजी 'हा दिवस शेवटचा' म्हणा आणि पंधरा मिनिटं द्या. हा गेम एकट्या माणसाने बनवला आहे, हेही तिला सांगा.

१८. आम्ही दोघी मैत्रिणी पहिला गेम करतोय. ओपन करू की लिनियर?

एक जागा, एक दिवस. जागा मोकळी, दिवस सरळ. एक वाडा घ्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत पाच प्रसंग ठरवा, आणि प्रत्येक प्रसंगात वाड्यात हवं तिथे फिरू द्या. घड्याळ तुमच्या हातात ठेवा (प्रश्न १३). फिरतं चक्र दुसऱ्या गेममध्ये.

१९. नदीकाठचा गेम आहे. भरती-ओहोटीही दिवसाच्या चक्रालाच बांधू का?

बांधू नका, तिला स्वतःचं घड्याळ द्या. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. घटकेच्या दिवसात हे अंतर १२ मिनिटं २५ सेकंदांचं होतं. एवढ्या फरकाने काय होतं पाहा: आज तिन्हीसांजेला चिखलातून पलीकडे जाता आलं, तीन दिवसांनी त्याच वेळेला तिथे पाणी वाढलेलं. दोन चक्रं एकमेकांवरून घसरत राहतात आणि कुठलाच दिवस आदल्या दिवसासारखा राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. म्हणजे चंद्राची कला आकाशात बरोबर दाखवलीत तर हुशार खेळणारा वर बघून पाण्याचा अंदाज बांधेल.

आमच्या बेटावर खाजन शेत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठचं बांध घातलेलं शेत आहे, आणि त्याला मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. बाहेरचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. गेममध्ये त्या दारासाठी आम्ही वेळापत्रक लिहिलंच नाही, फक्त दोन बाजूंच्या पाण्याची उंची मोजली. आता ते रोज वेगळ्या वेळी मिटतं, आणि दारापाशी कोळंबी धरायला बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्यामुळे रोज वेगळ्या वेळी यावं लागतं.